अपुऱ्या दिवसांचे बाळ आणि त्याचे कुटुंब

गर्भधारणेचे ३७ आठवडे पूर्ण होण्यापूर्वी बाळ जन्मास आले, तर ती प्रसूती मुदतपूर्व मानली जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० साली जगात सुमारे १ कोटी ३४ लाख बाळे अपुऱ्या दिवसांची जन्मली. त्यांपैकी सुमारे ३० लाख भारतातील होती. पाच वर्षांखालील बालकांच्या मृत्यूचे हे सर्वात मोठे कारण होय. याविषयी जागृती व्हावी म्हणून १७ नोव्हेंबर हा दिवस जगभर पाळला जातो.

जुळी गर्भधारणा, मातेचा उच्च रक्तदाब, मधुमेह, जंतुसंसर्ग ही यामागील काही कारणे आहेत. पुष्कळदा मात्र कोणतेच कारण सापडत नाही. म्हणूनच 'तिने काळजी घेतली नाही' असा ठपका सुनेवर ठेवणे अन्यायाचे आहे. सातव्या महिन्यातील बाळ जगते, आठव्यातील जगत नाही, ही समजूतही निराधार आहे. गर्भाशयात मिळालेला प्रत्येक जादा आठवडा बाळाला बळ देतो. मुदतीपूर्वी कळा सुरू झाल्यास, पाणी गेल्यास वा रक्तस्राव झाल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे. वेळेवर पोहोचलेल्या मातेला बाळाची फुप्फुसे पक्व होण्यासाठी इंजेक्शन देता येते.

अशा बाळाच्या अंगावर चरबी कमी असल्याने ते लवकर गारठते. साधारणतः ३४ आठवड्यांपूर्वी त्याला चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे यांचा मेळ साधत नाही. त्यामुळे बाळ अतिदक्षता विभागात राहते आणि आई रिकाम्या कुशीने घरी परतते. वडिलांची नोकरी आणि रुग्णालय यांत ओढाताण होते, थोरले मूल आजीकडे राहते, खर्च वाढत जातो. नोकरदार मातेच्या प्रसूती रजेचे कित्येक आठवडे रुग्णालयातच संपतात. अनेक मातांना नैराश्य ग्रासते. त्यावरही उपचार आवश्यक असतात.

तरीही कुटुंबाच्या हाती पुष्कळ काही असते. कोलंबियातील बोगोटा येथे १९७० च्या दशकाच्या अखेरीस काचेच्या पेट्या अपुऱ्या पडू लागल्या, तेव्हा बाळाला आईच्या उघड्या छातीशी बांधून ऊब देण्याची पद्धत सुरू झाली. तीच आज 'कांगारू मातृसेवा' म्हणून ओळखली जाते. जन्मानंतर लगेच आरंभ करून दिवसाचे ८ ते २४ तास ही ऊब द्यावी, असे आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये सुचविले. आई थकल्यास वडील किंवा आजीही ती देऊ शकतात. आईचे दूध काढून नळीने वा वाटीने पाजता येते. ते अपुरे पडल्यास दुग्धपेढीचा आधार असतो. भारतातील पहिली दुग्धपेढी डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली मुंबईतील शीव रुग्णालयात उभारली. २०११ पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार आजारी नवजात बालकांवर सरकारी रुग्णालयांत विनामूल्य उपचार होतात.

आप्तांनी व शेजाऱ्यांनी बाळाला पाहण्याची घाई करू नये. त्याऐवजी जेवणाचा डबा पोहोचवावा, थोरल्या मुलाला सांभाळावे आणि आईला काही तास झोप मिळू द्यावी.