शाई आधी, पेन नंतर

मागच्या वीकेंडला गावी, कशेडीला गेलो होतो. आजोबांच्या ट्रंकेत त्यांचं जुनं फाउंटन पेन सापडलं. निब गच्च! कारण मला ठाऊक होतं. पाचवीत असताना मीच त्यात चित्रकलेची काळी शाई भरली होती. आजोबा रागावले नाहीत, पण तेव्हापासून बॉलपेननेच लिहायला लागले.

तर मंडळी, थोडा इतिहास. न्यूयॉर्कच्या वॉटरमनने १८८४ साली पेटंट घेतलं ते निबखालच्या बारीक खाचांचं. शाई खाली येते, तेवढीच हवा वर जाते. म्हणजे सगळा खेळ शाईच्या पातळपणावर. चित्रकलेच्या शाईत काजळी आणि लाख असते. ती आत वाळली की विषय संपला.

आपल्याकडे दांडेकर बंधूंनी १९३१ साली मुंबईत सुरुवात केली तीसुद्धा पेनाने नाही, 'हॉर्स ब्रँड' शाईच्या पुडीने आणि वड्यांनी. पाण्यात विरघळवा, शाई तयार! घाटातल्या गावात काचेची बाटली नेण्यापेक्षा पुडी केव्हाही सोयीची. फाउंटन पेनची 'कॅमल' शाई त्यानंतर आली. कॅमल अधिक इंक, म्हणून कॅमलिन.

म्हणून नवख्यांना सल्ला: पेन शे-दोनशेचं, मध्यम निबचं चालेल. शाई मात्र फाउंटन पेनचीच घ्या आणि अधूनमधून पेन साध्या पाण्याने धुवा.

आजोबांचं पेन रात्रभर पाण्यात ठेवलं. सकाळी पाणी स्वच्छच. शेवटी त्यांच्यासाठी नवीन घेतलं. आजोबा म्हणाले, "शाई मात्र मीच भरणार हां!"