अंगणात बंब, घरात ऊब: अमेरिकेतली ‘आउटडोअर वुड फर्नेस’ निवडताना आणि चालवताना काय बघावं लागतं?

मिनेसोटा, विस्कॉन्सिनकडच्या खेड्यांतले हिवाळ्याचे व्हिडिओ बघत असाल, तर घरापासून थोडं लांब, बर्फात उभी असलेली एक पत्र्याची टपरी तुम्हाला नक्की दिसली असेल. वर धुराडं, पुढे जाड लोखंडी दार आणि त्यातून ओंडके आत ढकलणारा कुणीतरी. आग बाहेर आणि माणसं आत, मग घर गरम कसं होतं?

याचं उत्तर आजीच्या न्हाणीघरात आहे. तांब्याचा बंब आठवा. मधल्या नळीत विस्तव, भोवती पाणी. ही भट्टी म्हणजे तोच बंब, फक्त अवाढव्य. आतल्या आगीभोवती शेकडो लिटर पाणी असतं. ते साधारण ८० अंश सेल्सिअसपर्यंत तापतं, पंपाने जमिनीखालच्या पाइपांतून घरात जातं, रेडिएटरला किंवा फरशीखालच्या नळ्यांना उष्णता देतं आणि पुन्हा तापायला बाहेर येतं. बहुतेक भट्ट्यांमधलं पाणी दाबाखाली नसतं, हवेला मोकळं असतं, त्यामुळे टाकी फुटण्याची भीती कमी.

एवढा खटाटोप कशासाठी? तर तिकडच्या बऱ्याच खेड्यांत नैसर्गिक वायूची पाइपलाइन नाही. घर तापवायचं तर प्रोपेन किंवा तेल टँकरने मागवा आणि भाव वाढला की निमूट भरा. ज्याच्याकडे स्वतःचं रान आहे त्याला लाकूड जवळपास फुकट पडतं. त्यात ‘एमरल्ड ॲश बोरर’ नावाचा आशियातून आलेला हिरवा किडा २००२ मध्ये मिशिगनमध्ये सापडला आणि पुढे त्याने ॲश जातीची कोट्यवधी झाडं मारली. वाळकी झाडं समोर उभी आहेत, मग जाळा. (हे लाकूड लांब नेलं की किडाही सोबत जातो. म्हणून जळण जवळचंच वापरा, असं तिकडे वारंवार सांगितलं जातं.)

मग भानगड कुठे आहे?

धुरात. आणि हा धूर बऱ्याचदा शेजाऱ्याच्या खिडकीत जातो.

जुन्या पद्धतीची भट्टी थर्मोस्टॅटवर चालते. पाणी पुरेसं तापलं की हवेची झडप बंद होते. आग विझत नाही, धुमसत राहते. धुमसणारं लाकूड पूर्ण जळत नाही, त्यामुळे उष्णता कमी आणि दाट धूर जास्त. त्यातच धुराडी बुटकी, म्हणजे धूर वर न जाता जमिनीलगत पसरतो. या धुरातले पीएम २.५ म्हणजे अतिसूक्ष्म कण थेट फुप्फुसात उतरतात. दमेकरी आणि लहान मुलांना त्याचा त्रास आधी होतो.

तक्रारी इतक्या वाढल्या की न्यूयॉर्क राज्याच्या ॲटर्नी जनरल कार्यालयाने २००५ मध्ये यावर वेगळा अहवाल काढला. पुढे त्या राज्याने घरगुती वापराच्या नव्या भट्टीसाठी जागेच्या हद्दीपासून किमान १०० फूट अंतर आणि किमान १८ फूट उंच धुराडं बंधनकारक केलं. देशपातळीवर पर्यावरण संस्थेने, म्हणजे ईपीएने, २०१५ मध्ये पहिल्यांदा नियम आणले आणि मे २०२० पासून धुराची मर्यादा आणखी बरीच खाली आणली. आता तिथे नवी भट्टी घ्यायची तर ती ईपीए प्रमाणित लागते. सेकंडहँड स्वस्तात मिळते म्हणून जुनी उचलणाऱ्याने आधी आपल्या राज्याचे आणि गावाचे नियम तपासलेले बरे, नाहीतर ती बसवताच येणार नाही.

मोठी घेतली की चांगली?

नाही, आणि बहुतेक लोक इथेच फसतात. ‘उणे ३० ला कमी पडायला नको’ म्हणून मोठी भट्टी घेतली जाते. पण तशी थंडी वर्षातले मोजके दिवस असते. उरलेल्या हिवाळ्यात घराला तेवढी उष्णता नकोच असते, मग झडप बंद आणि धुमसणं सुरू. म्हणून आधी घराला लागणारी उष्णता मोजून घ्यायची. छत आणि भिंतींतून ऊब गळत असेल तर पहिला खर्च तिथे करायचा, मग छोटी भट्टीही पुरते.

नव्या ‘गॅसिफिकेशन’ भट्ट्यांमध्ये लाकडातून निघणारा धूरच दुसऱ्या कप्प्यात प्रचंड तापमानाला जाळला जातो. लाकूड कमी लागतं, धूरही कमी. पण या भट्ट्या लाडावलेल्या आहेत, ओलं लाकूड त्यांना चालत नाही.

ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात निम्म्याच्या आसपास पाणीच असू शकतं. ते आधी वाफ होऊन उडणार, म्हणजे तुमची उष्णता पाणी उकळण्यात जाणार. ओलावा २० टक्क्यांच्या आसपास यायला हवा. त्यासाठी लाकूड फोडून, वरून झाकून आणि बाजू उघड्या ठेवून किमान सहा महिने वाळवतात. ओकसारख्या टणक लाकडाला दोन वर्षंही लागतात. तपासायला ओलावा मोजणारं छोटं मीटर मिळतं, पण ओंडका फोडून आतल्या बाजूला टोचायचं. वरची साल नेहमी कोरडीच दाखवते.

पाइपवर पैसे वाचवणं महागात पडतं. साधं वेष्टन असलेला पाइप ओल्या मातीत गेला की उष्णता जमिनीलाच देत बसतो. अंगणात पाइपच्या रेषेवरचाच बर्फ वितळलेला दिसला तर समजा, तुम्ही गवत तापवताय. आणि पंप विजेवर चालतो. वादळात वीज गेली तर पाणी फिरणार नाही, म्हणून जनरेटर किंवा बॅटरीची सोय आधीच करतात.

रोजचं काम म्हणाल तर दिवसातून साधारण एक-दोनदा लाकूड भरायचं. दार एकदम उघडायचं नाही. आत साचलेल्या वायूंना अचानक हवा मिळाली की ज्वाळा तोंडावर येते. पंखा बंद करून, दार किंचित किलकिलं ठेवून थोडं थांबायचं. प्लास्टिक, कचरा, रंगवलेलं किंवा रसायन लावलेलं लाकूड जाळणं बंद. अमेरिकेत जुन्या फळ्यांना लावलेल्या रसायनात आर्सेनिक असायचं, ते राखेत आणि धुरात उतरतं. राखेत निखारे बराच काळ जिवंत राहतात, त्यामुळे ती झाकणाच्या लोखंडी डब्यात, भिंतीपासून लांब.

भट्टीचं आयुष्य मात्र आगीपेक्षा पाण्यावर ठरतं. गंजरोधक रसायन न घातलेलं पाणी पोलाद आतून खातं, म्हणून वर्षातून एकदा पाण्याचा नमुना तपासून घेतात. परतीचं पाणी ६० अंशांच्या खाली येऊ देत नाहीत, कारण थंड पोलादावर धुरातली वाफ थिजते आणि गंज बाहेरूनही सुरू होतो. हिवाळा संपला की बहुतेक जण भट्टी तशीच सोडून देतात. खरं तर तेव्हाच राख आणि काजळी खरवडून काढायची असते. आत उरलेली राख उन्हाळ्यातला दमटपणा शोषते आणि पुढच्या थंडीपर्यंत तळाचा पत्रा पातळ होत जातो.