उपवास, आहार आणि वजनाचा काटा

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी ‘सर्वांच्या उपयोगाचे काहीतरी लिहा’ असा संपादक भगिनींचा आग्रह पडला. मंडळात हळदीकुंकवाला किंवा भिशीला चारचौघी जमल्या की अलीकडे एक विषय हमखास निघतो. तो म्हणजे वजन. अमुक एकीने दोन महिन्यांत आठ किलो उतरविले आणि पुढच्या संक्रांतीपर्यंत दहा किलो चढविले, असे कोणी सांगते. आणि ऐकणाऱ्या लगेच निकाल देऊन मोकळ्या होतात की, तिचा मनोनिग्रहच कमी पडला. ती बिचारी मान खाली घालून चहात साखर नको म्हणते. हा निकाल न्याय्य आहे काय, याचा शोध घ्यावा असे मला वाटले. त्यासाठी थोडा मागचा इतिहास पाहावा लागेल.

उपवास आपल्याला नवा नाही. चतुर्थी, एकादशी, श्रावणी सोमवार, नवरात्र ही व्रते आपल्या सासवा-आज्यांनी पिढ्यानपिढ्या केली. आपल्या वसईतील ख्रिस्ती शेजारणीही ईस्टरपूर्वीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ निष्ठेने पाळतात. परंतु या उपवासांचा हेतू देवाचे स्मरण आणि मनाची शुद्धी हा होता. अंगावरचे मांस कमी करावे म्हणून कोणी सोमवार धरला नाही. उलट उपवासाला पारणे जोडलेलेच असे, आणि ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण ज्याने केली त्याला मनुष्यस्वभाव पुरता ठाऊक होता. वजन उतरविण्याची गरजही फारशी नव्हती. वाडीत रहाटाचे पाणी धरावे, केळी-पानवेलींची निगा राखावी, भात लावावा, झोडावा, कांडावा, विहिरीचे पाणी वाहावे, डोक्यावर पाटी घेऊन स्थानक गाठावे आणि मुंबईच्या बाजारात माल विकून परत यावे, असा ज्यांचा दिवस, त्यांच्या अंगावर चरबी साचणार कोठून?

वजन कमी करण्याकरिता आहार बदलण्याची टूम पश्चिमेत लोकप्रिय केली ती विल्यम बँटिंग नावाच्या लंडनच्या गृहस्थाने. अंत्यविधीची व्यवस्था करणे हा त्याचा धंदा. तो इतका स्थूल झाला होता की, जिना उतरतानाही त्याला त्रास पडे. वैद्याच्या सल्ल्याने त्याने पाव, साखर, बटाटे, बीअर सोडले आणि तो सडसडीत झाला. १८६३ साली त्याने आपला अनुभव छोट्या पुस्तिकेच्या रूपाने प्रसिद्ध केला आणि ती हातोहात खपली. इंग्रजीत ‘बँटिंग करणे’ म्हणजे वजन उतरविणे असा वाक्प्रचारच रूढ झाला. त्यानंतर चार वर्षांनी, १८६७ साली, विरारहून मुंबईला पहिली लोकल सुटली. म्हणजे ‘डाएट’चे वय आपल्या विरार लोकलपेक्षा थोडेसेच अधिक आहे. पुढे १९१८ साली डॉ. लुलू हंट पीटर्स या अमेरिकन डॉक्टरीणबाईंनी पुस्तक लिहून ‘कॅलरी’ हा शब्द घरोघर पोहोचविला. पोळी किती खाल्ली असे न म्हणता कॅलरी किती खाल्ल्या असे म्हणा, हा त्यांचा उपदेश. तेव्हापासून हिशेब सोपा वाटू लागला: जमेपेक्षा खर्च जास्त केला की वजन उतरणार. हिशेब खोटा नाही. परंतु शरीर हा स्वस्थ बसणारा कारकून नाही, ही गोष्ट त्यात धरलेली नव्हती.

ती गोष्ट प्रथम ठळकपणे दिसली ती दुसऱ्या महायुद्धात. युरोपात उपासमार चालू होती, आणि आपल्याकडे १९४३ साली बंगालमध्ये लक्षावधी माणसे अन्नावाचून मेली होती. उपाशी माणसाला पुन्हा कसे उभे करावे हे जाणण्यासाठी अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात डॉ. अ‍ॅन्सेल कीज यांनी १९४४-४५ साली एक प्रयोग केला. युद्धात शस्त्र धरण्यास नकार देणारे छत्तीस निरोगी तरुण त्यासाठी स्वखुशीने पुढे आले. चोवीस आठवडे त्यांना दिवसाला सुमारे १५७० कॅलरींचे अन्न देण्यात आले. आजच्या पुष्कळ आहारतक्त्यांत याहून कमी अन्न असते, हे लक्षात घ्या! त्यांचे वजन सुमारे एक-चतुर्थांशाने घटले. परंतु त्याबरोबर दुसऱ्याही गोष्टी झाल्या. त्यांना सतत थंडी वाजू लागली, नाडी मंद झाली, चिडचिड वाढली, कामावरचे लक्ष उडाले. दिवसरात्र मनात अन्नाखेरीज विषय नाही. काही जण तर पाककृतींची पुस्तके जमवून वाचीत बसत. पुढे पोटभर जेवण मिळू लागल्यावरही त्यांची भूक लवकर शमेना. वजन भरून आले ते चरबीच्या रूपाने आधी, आणि चरबी पूर्वीच्याहून अधिक झाली. हे सर्व मनाने खंबीर तरुण होते. तत्त्वासाठी समाजाचा रोष पत्करणाऱ्यांना निग्रह नव्हता असे कोण म्हणेल?

त्यानंतर १९५९ साली न्यूयॉर्कचे डॉ. अल्बर्ट स्टंकार्ड यांनी दवाखान्यात आहारोपचार घेणाऱ्या शंभर स्थूल रुग्णांचा मागोवा घेतला. वीस पौंड वजन उतरविणारे निघाले बारा, आणि दोन वर्षांनंतर ते टिकविणारे फक्त दोन. म्हणजे डाएट फसण्याची तक्रार साठ-पासष्ट वर्षांपूर्वीच नोंदली गेली होती. फक्त कारण कळावयाचे होते.

कारणाचा एक धागा १९९४ साली हाती आला. डॉ. जेफ्री फ्रीडमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना उंदरांवरील संशोधनात ‘लेप्टिन’ हे द्रव्य सापडले. ते शरीरातील चरबीच तयार करते आणि ‘कोठीत धान्य किती आहे’ याची वर्दी मेंदूला देते. चरबी घटली की लेप्टिन घटते, आणि मेंदू समजतो की दुष्काळ आला. मग तो दोन हुकूम सोडतो: खर्च आवरा आणि अन्न शोधा. १९९९ साली जपानी संशोधकांनी भूक वाढविणारे ‘घ्रेलिन’ हे द्रव्य शोधले. वजन उतरविल्यावर तेही वाढते. घरातला धान्याचा डबा रिता होऊ लागला की गृहिणी जशी मूठभर कमी तांदूळ रांधते आणि वाण्याकडे माणूस धाडते, तसाच हा प्रकार. शरीराचे हे वर्तन शहाणपणाचे आहे. फक्त आपण मुद्दाम वजन उतरवीत आहोत, हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

पण ही धावपळ थोड्या दिवसांत शांत होत असेल, असे वाटेल. ती होत नाही. मेलबर्न येथे पन्नास स्थूल व्यक्तींना दहा आठवडे अत्यंत कमी आहार दिला. त्यांचे वजन सरासरी साडेतेरा किलोंनी उतरले. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात असे आढळले की, एक वर्ष उलटल्यावरही त्यांच्या रक्तातील भूक वाढविणारी द्रव्ये मूळपदावर आली नव्हती आणि भूकही पूर्वीपेक्षा जास्तच होती. अमेरिकेत दूरदर्शनवर वजन उतरविण्याची एक स्पर्धा गाजत असे. तिच्यातील चौदा स्पर्धकांना डॉ. केव्हिन हॉल यांनी सहा वर्षांनी पुन्हा तपासले (२०१६). स्पर्धेत सरासरी ५८ किलो उतरले होते, त्यांपैकी ४१ किलो परत चढले होते. विशेष हे की, त्यांचे शरीर विश्रांतीच्या वेळी अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे ५०० कॅलरी कमीच खर्च करीत होते. याच संशोधकांच्या हिशेबाप्रमाणे उतरलेल्या प्रत्येक किलोमागे रोजचा खर्च २० ते ३० कॅलरींनी घटतो, आणि भूक सुमारे १०० कॅलरींनी वाढते. दहा किलो उतरविणारीने स्वयंपाकघरात रोज हजार कॅलरींच्या जास्तीच्या भुकेशी झुंजावयाचे, तेही नवऱ्याचा डबा, मुलांचा खाऊ आणि पाहुण्यांचा पाहुणचार स्वतःच्या हातांनी करताना! तिला आळशी म्हणण्यापूर्वी एवढा आकडा आठवावा.

आता आपल्या महाराष्ट्राकडे वळू. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गर्भवती स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. तेथील नवजात बालके सरासरी २.७ किलोंची होती, तर इंग्लंडमधील ३.५ किलोंची. आपली बाळे हातापायांनी, स्नायूंनी बारीक. परंतु पाठीवरच्या कातडीखालची चरबी मात्र त्यांनी जवळजवळ राखलेली. ‘बारीक पण चरबीयुक्त’ असे हे भारतीय बालक. २००४ साली डॉ. याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज मित्र डॉ. युडकिन यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचे छायाचित्रच छापले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच, दोघांचाही बीएमआय २२.३, पण चरबी इंग्रजांच्या शरीरात ९.१ टक्के आणि पुणेकरांच्या शरीरात २१.२ टक्के! आईच्या उदरात अन्न तुटपुंजे मिळाले म्हणजे गर्भ चरबी राखून स्नायू कमी करतो, आणि पुढे अन्न मुबलक झाल्यावर मधुमेह लवकर गाठतो, असे त्यांचे म्हणणे. म्हणून आपल्याकडे काट्यावरच्या आकड्यापेक्षा कमरेच्या घेराला महत्त्व द्यावे असे तज्ज्ञ सांगतात. भारतीय स्त्रीसाठी ८० सेंटिमीटर ही सावध होण्याची मर्यादा मानतात.

हे वाचताना मला आपल्या पालघर जिल्ह्याची आठवण होते. १९९२ साली जव्हारकडील वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी सारा महाराष्ट्र हादरला. आणि त्याच मुलखातल्या वसई-विरारमध्ये, १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून वाड्या आणि भातखाचरे जाऊन इमारती उठल्या, रहाट गेले, पाटी गेली. राहिली ती लोकलची दगदग आणि बसून करावयाची कामे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १८.७ टक्के स्त्रिया प्रमाणापेक्षा कृश, तर २४ टक्के प्रमाणापेक्षा स्थूल आढळल्या. पोटात वाढणाऱ्या बाळाच्या आईला पुरेसे अन्न मिळणे आणि तिच्या नातीला पुढे मधुमेह न होणे, या दोन गोष्टी एकाच धाग्याच्या आहेत. जव्हारचे दुःख वसईपासून दूर नाही.

मधल्या काळात आपल्याकडे आहाराचे वाद रंगले. नागपूरचे विद्वान डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारांवरून डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी दिवसातून दोनदाच, प्रत्येकी ५५ मिनिटांच्या आत जेवावे असा प्रचार केला. दुसरीकडे ऋजुता दिवेकर यांनी थोड्या थोड्या वेळाने, आपल्या मातीतले, तूप-भातासह खावे असे सांगितले. २०१८ च्या सुमारास ‘दीक्षित की दिवेकर’ हा प्रश्न घराघरांत गाजला. जाणून घेण्यासारखी गोष्ट अशी की, २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका मोठ्या प्रयोगात ८११ व्यक्तींना चार निरनिराळे आहार दिले होते. सहा महिन्यांत सरासरी सहा किलो उतरले, वर्षानंतर वजन परत चढू लागले, दोन वर्षांअखेर सुमारे चार किलोंचा फरक उरला. आणि चारही आहारांत फरक जवळजवळ सारखाच होता. कोणता आहार श्रेष्ठ, यापेक्षा तो आपल्या घरात, आपल्या खिशात आणि आपल्या सणावारात जन्मभर बसतो काय, हा प्रश्न महत्त्वाचा.

अलीकडे सेमाग्लुटाइडसारखी इंजेक्शने आली आहेत. ती मेंदूच्या त्या दुष्काळी हुकुमालाच आवर घालतात, म्हणून वजन बरेच उतरते. परंतु औषध थांबविल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी दोन-तृतीयांश परत आल्याचे २०२२ साली प्रसिद्ध झाले. तेव्हा तीही डॉक्टरांच्या देखरेखीखाली, दीर्घकाळ घेण्याची गोष्ट आहे.

मग प्रयत्नच सोडावे काय? मुळीच नाही. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावरील ५३१ भारतीयांवर केलेला प्रयोग २००६ साली प्रसिद्ध झाला. आहारात सुधारणा आणि नियमित चालणे यांमुळे मधुमेह होण्याचे प्रमाण २८.५ टक्क्यांनी घटले. आणि गंमत म्हणजे वजनात लक्षात येण्यासारखा फरक पडला नव्हता! काटा हलला नाही म्हणून चालणे वाया गेले असे समजणाऱ्या भगिनींनी हे पदराला गाठ मारून ठेवावे. थोडे वजन उतरून टिकले तरी रक्तदाब आणि साखर यांना आराम पडतो, हेही खरे.

तेव्हा एकमेकींना तोलणे आपण सोडून देऊ. महिन्यात दहा किलोंची हमी देणारी पूड कोणी विकावयास आली तर ‘दोन वर्षांनी काय?’ एवढाच प्रश्न तिला विचारू. गरोदर सूनबाईच्या ताटात डाळ, अंडे किंवा मासळी, पालेभाजी आधी वाढू. संध्याकाळी दोघी-तिघींनी मिळून किल्ल्याकडे किंवा सुरुच्या बागेकडे पाय मोकळे करू. मंडळाच्या सभांत भज्यांच्या बशीबरोबर काकडी-गाजराचीही बशी फिरू दे. ज्यांना साखर, रक्तदाब किंवा सांधेदुखी आहे त्यांनी डॉक्टरांना दाखवावे, लाजू नये. आणि जिचे वजन पुन्हा चढले आहे तिला आपल्यातलीच कोणीतरी सांगावे की, बाई, तुझ्या शरीराने तुला दुष्काळातून वाचविण्याचे पिढ्यान्‌पिढ्यांचे काम केले. आता त्याच्याशी भांडण न करता त्याला हळूहळू समजावू या.