एक डॉलर भाडं आणि अर्धं रक्त

भाडेपट्टा 99 वर्षांचा. भाडं वर्षाला फक्त एक डॉलर. जमीन सरकारी, पण घर बांधायला, शेती करायला तुमची. ऐकताना सरकार फारच उदार आहे असं वाटतं. अमेरिकेच्या हवाई राज्यात तिथल्या मूळ रहिवाशांसाठी हा कायदा 1921 पासून लागू आहे. शंभर वर्षं उलटून गेली. आज पट्टे मिळालेली कुटुंबं साधारण दहा हजार आहेत आणि प्रतीक्षायादीत त्याच्या दुपटीहून जास्त नावं आहेत. यादीत नाव असतानाच जग सोडून गेलेल्यांची संख्या दोन हजारांच्या वर जाते.

कायदा इतका सोपा आणि भाडं इतकं स्वस्त, तर मग अडलं कुठे? याचं उत्तर शोधायला थोडं मागे जावं लागतं.

हवाईच्या भाषेत जमिनीला ‘आइना’ म्हणतात. अर्थ, जी खाऊ घालते ती. डोंगरापासून समुद्रापर्यंतचा एक पट्टा, त्यात पाणी, तारोची शेती, जंगल आणि मासेमारी, असा तिथल्या गावगाड्याचा नकाशा होता. जमीन राजाच्या आणि सरदारांच्या ताब्यात असे, कसणारा सामान्य माणूस तिच्यावर जगे. विकत घेणं-देणं हा प्रकार नव्हता.

1848 मध्ये राजा तिसरा कामेहामेहा याने जमिनीची वाटणी केली. तिला ‘माहेले’ म्हणतात. परकी सत्ता बेटांवर डोळा ठेवून होत्या. कागदावर मालकी नोंदवली तर निदान ती तरी वाचेल, असा हिशेब त्यामागे होता. राजा, सरदार आणि सरकार यांच्यात जमीन विभागली गेली. 1850 च्या कायद्याने कसणाऱ्यालाही दावा करता आला. पण त्यासाठी मोजणी करून घ्यायची, साक्षीदार उभे करायचे, ठरलेल्या मुदतीत अर्ज भरायचा. ज्या माणसाने कधी जमिनीचा कागद पाहिला नव्हता, त्याच्याकडून ही अपेक्षा होती. शेवटी सामान्य हवाईयन लोकांच्या वाट्याला एकूण जमिनीच्या एक टक्क्याहूनही कमी जमीन आली. त्याच वर्षी परदेशी माणसाला जमीन विकत घेण्याचा हक्क मिळाला. पुढचं सांगायला नको.

1876 मध्ये अमेरिकेशी केलेला करार लागू झाला आणि हवाईची साखर तिथे विनाशुल्क जाऊ लागली. उसाचे मळे वाढत गेले. मजूर चीन, जपान, पोर्तुगाल आणि नंतर फिलिपिन्समधून आणले गेले. मळेवाल्यांची ताकद इतकी वाढली की, 1887 मध्ये राजा कालाकाउआला बंदुकीच्या धाकावर नवी राज्यघटना मान्य करावी लागली. जानेवारी 1893 मध्ये राणी लिलिउओकलानी पदच्युत झाली. त्या वेळी अमेरिकी युद्धनौकेवरचे सैनिक होनोलुलूच्या रस्त्यांवर उतरवले गेले होते. 1897 मध्ये 21 हजारांहून अधिक हवाईयनांनी विलीनीकरणाविरोधात अर्जावर सह्या केल्या. तरीही 1898 मध्ये अमेरिकेने बेटं ताब्यात घेतली. राजघराण्याची आणि सरकारची मिळून सुमारे 18 लाख एकर जमीन अमेरिकेकडे गेली. मोबदला शून्य.

याच जमिनीतून पुढे 1921 चे भाडेपट्टे आले.

हा कायदा आणणारा माणूस होता जोना कुहिओ कालानिआनाओले. राजघराण्यातला राजपुत्र. राणीला पुन्हा गादीवर बसवण्यासाठी 1895 मध्ये झालेल्या उठावात भाग घेतला म्हणून त्याने तुरुंगवास भोगला होता. पुढे तोच रिपब्लिकन पक्षाकडून निवडून आला आणि 1903 पासून अमेरिकी काँग्रेसमध्ये हवाईचा प्रतिनिधी म्हणून बसला. त्याला सभागृहात बोलता येत होतं, मत देता येत नव्हतं. म्हणजे आपल्याच लोकांसाठी आणलेल्या कायद्यावर मतदान करण्याचा हक्क त्याला नव्हता.

कुहिओची तळमळ खोटी नव्हती. रोगराईने हवाईयन लोकसंख्या कोसळली होती. 1920 च्या सुमारास ज्यांच्या रक्तात मिश्रण नाही असे हवाईयन 24 हजारांच्या आसपास उरले होते. जमीन गेलेली माणसं होनोलुलूच्या दाट चाळींत आली होती. त्यांना पुन्हा मातीकडे न्यावं, म्हणजे कौम वाचेल, असा त्याचा विचार होता.

नेमक्या त्याच काळात मळेवाल्यांचीही एक अडचण होती. त्यांच्याकडे असलेल्या उत्तम सरकारी ऊसजमिनींचे पट्टे संपत आले होते. त्या काळच्या कायद्यानुसार अशी जमीन वसाहतीसाठी सामान्य लोकांना द्यावी लागण्याची शक्यता होती. शिवाय कोणत्याही कंपनीला 1,000 एकरांपेक्षा जास्त जमीन नव्याने घेता येत नव्हती. दोन्ही गरजा एकाच विधेयकात बांधल्या गेल्या. जुलै 1921 मध्ये राष्ट्राध्यक्ष वॉरन हार्डिंग यांनी सही केली, तेव्हा कायद्यात काय होतं? हवाईयनांसाठी सुमारे दोन लाख एकर जमीन होती, पण त्यातून उसाखालची जमीन वगळली होती. आणि कंपन्यांवरची 1,000 एकरांची मर्यादा उठवली होती.

म्हणजे हवाईयनांना उरलेली जमीन मिळाली. बरीचशी कोरडी, खडकाळ, लाव्ह्याची, पाण्यापासून लांब. मळेवाल्यांना त्यांची जमीनही राहिली आणि मोकळीकही मिळाली. कायद्याचं नाव मात्र मूळ रहिवाशांच्या पुनर्वसनाचं.

वक्फ म्हणजे काय हे जाणणाऱ्या वाचकाला या जमिनीची कल्पना अनोळखी वाटणार नाही. मालकी कुणा एकाची नाही, विक्री नाही, फायदा ठरावीक लोकांचा आणि देखरेख करणारा विश्वस्त. फरक एवढाच की, वाकिफ आपल्या मिल्कियतीतून देतो. इथे देणाऱ्याने ती आधी त्याच लोकांकडून घेतली होती.

सगळ्यात खोल गेलेली जखम मात्र दुसरीच. लाभार्थी कोण, याची व्याख्या कायद्याने केली. 1778 मध्ये कॅप्टन कुक येण्यापूर्वी बेटांवर राहणाऱ्या लोकांचं किमान निम्मं रक्त ज्याच्या अंगात आहे, तो ‘मूळ हवाईयन’. कुहिओला ही अट एक-बत्तीसांश इतकी सैल हवी होती. विरोधकांना ती जितकी कडक होईल तितकी हवी होती. सौदा निम्म्यावर तुटला.

हवाईयन समाजात माणूस कुणाचा, हे वंशावळीवरून, नात्यावरून ठरे. ‘हानाई’ नावाच्या प्रथेत मूल दुसऱ्या नातेवाइकाकडे वाढे आणि त्याच घरचं मानलं जाई. या जिवंत नात्यांना कायद्याने अपूर्णांक लावले. अर्जदाराला आई-वडील, आजी-आजोबा आणि त्यांच्याही मागच्यांचे जन्मदाखले गोळा करावे लागतात. एखादी नोंद नसेल, एखादं नाव वेगळं लिहिलं असेल, तर रक्त असूनही कागदावर ते भरत नाही. आणि या गणिताला वजाबाकीच ठाऊक आहे. निम्म्या रक्ताच्या माणसाने बाहेर लग्न केलं, तर मुलाच्या वाट्याला पाव. पिढी पुढे गेली की लाभार्थी कमी होतात. जमीन तेवढीच राहते, हकदार विरघळत जातात.

पहिली वसाहत 1922 मध्ये मोलोकाई बेटावर कालामाउला इथे बसली. ती पाहायला कुहिओ नव्हता. त्याच वर्षी जानेवारीत तो वारला होता. सुरुवातीला पंपाच्या पाण्यावर पिकं छान आली. काही वर्षांतच विहिरी खारट झाल्या आणि शेतं सुटत गेली. होओलेहुआमध्ये लोकांनी आपल्या जमिनी अननस कंपन्यांना लावायला दिल्या. मातीकडे परतण्याचं स्वप्न असं पुन्हा कंपनीच्याच दारात येऊन थांबलं.

1959 मध्ये हवाई राज्य झालं आणि या जमिनींची जबाबदारी राज्याकडे आली. पैसा पुरेसा दिला गेला नाही. विभागाने खर्च भागवण्यासाठी मोठाले तुकडे पशुपालकांना आणि व्यापाऱ्यांना भाड्याने दिले. काही जमिनी विमानतळांकडे, काही नौदलाकडे गेल्या होत्या. त्याची भरपाई म्हणून राज्याने 1995 मध्ये 20 वर्षांत 60 कोटी डॉलर देण्याचं मान्य केलं. प्रतीक्षायादीतल्या लोकांनी 1999 मध्ये दाखल केलेला दावा 2022 मध्ये 32 कोटी 80 लाख डॉलरवर मिटला. तोवर शेकडो दावेदार हयात नव्हते. त्याच वर्षी विधिमंडळाने यादी कमी करण्यासाठी आणखी 60 कोटी डॉलर दिले.

मग आता तरी नंबर लागला की घर मिळतं? जमीन एक डॉलरला मिळते, पण तिच्यावरचं घर नाही. वर्षानुवर्षं वाट पाहिलेल्या माणसाला बोलावणं येतं, तेव्हा त्याचं वय झालेलं असतं आणि बँक कर्ज देत नाही. तो नकार देतो आणि पुन्हा यादीत थांबतो. पट्टेदाराच्या मृत्यूनंतर मुलांना, नातवंडांना पाव रक्तावर पट्टा मिळतो. ही अट एक-बत्तीसांशावर आणणारा कायदा राज्याने 2017 मध्ये केला, पण त्याला वॉशिंग्टनची संमती लागते. आकडा तोच, जो कुहिओने शंभर वर्षांपूर्वी मागितला होता.

या कायद्यामुळे हजारो कुटुंबांना छप्पर मिळालं, हेही खरं. होनोलुलूतल्या पापाकोलेआ किंवा हिलोच्या किआउकाहासारख्या वस्त्यांत हवाईयन माणूस आज हवाईयन म्हणून एकत्र राहतो, ते याच पट्ट्यांमुळे. म्हणूनच एवढे हाल सोसूनही तिथले लोक कायदा रद्द करा असं म्हणत नाहीत. तो पाळा, एवढंच म्हणतात.

1850 मध्ये त्यांच्याकडे मोजणी आणि साक्षीदार मागितले. 1921 मध्ये रक्त मागितलं. आज बँकेतली पत मागितली जाते. दर वेळी पुरावा ज्याची जमीन गेली त्यानेच द्यायचा. 18 लाख एकर घेणाऱ्याकडे मात्र कुणी कागद मागितला नाही.