कार्टून युनिटची वाटचाल : पडद्यावरचे चेहरे

मुंबईच्या पेडर रोडवरील फिल्म्स डिव्हिजनची स्थापना 1948 साली झाली. 1956 मध्ये तिथे कार्टून फिल्म युनिट सुरू झाले आणि चित्रांना हालचाल देण्याच्या कलेला देशात प्रथमच सरकारी संस्थेचे कायम घर मिळाले. महाराष्ट्रात या कलेची बीजे त्याआधीच पडली होती. दादासाहेब फाळक्यांनी 1915 मध्ये ‘आगकाड्यांची मौज’ केली होती, तर 1934 मध्ये प्रभात फिल्म कंपनीतून रघुनाथ केळकरांचा ‘जंबू काका’ आला होता. पण ते एकेकट्याचे उद्योग होते. शिकवणारा, शिकणारा आणि यंत्रसामग्री एका छताखाली आली ती कार्टून युनिटमध्ये.

डिस्ने स्टुडिओत ‘बांबी’साठी काम केलेले क्लेअर वीक्स तांत्रिक सहकार्याच्या अमेरिकी योजनेतून मुंबईला आले. त्यांच्या हाताखाली शिकणाऱ्यांत जी. के. गोखले, व्ही. जी. सामंत आणि रसायनशास्त्राचे पदवीधर राम मोहन होते. 1957 चा ‘द बनियन डिअर’ हे या शिक्षणाचे पहिले मोठे फळ. तंत्र डिस्नेचे होते, गोष्ट मात्र जातकातली. युनिटचा पुढचा रस्ता या निवडीतच ठरला.

काम जिकिरीचे होते. सेकंदाला चोवीस चौकटी म्हणजे दहा मिनिटांच्या चित्रपटाला 14,400 चौकटी. कागदावर पेन्सिलीने काढलेले चित्र पारदर्शक सेलवर गिरवायचे, मागच्या बाजूने रंगवायचे आणि कॅमेऱ्याखाली एकेक चौकट टिपायची. गिरवणाऱ्या आणि रंग भरणाऱ्या कितीतरी हातांची नावे श्रेयनामावलीत आली नाहीत. ही वाटचाल त्यांचीही आहे.

प्रेक्षक मात्र हक्काचा होता. मुख्य चित्रपटाआधी मान्यताप्राप्त लघुपट दाखवणे थिएटरांना बंधनकारक होते आणि हे लघुपट मराठीसह अनेक भाषांत निघत. मेडशीसारखे गाव घ्या; ते तेव्हा अकोला जिल्ह्यात होते. तिथला माणूस अकोल्याला सिनेमा पाहायला गेला, तर पडद्यावर आधी फिल्म्स डिव्हिजनचे चित्र येई. चेहरा कोणाचा काढायचा, हा प्रश्न म्हणूनच युनिटला टाळता येणारा नव्हता. शेतकरी, त्याची बायको, त्यांची मुले ओळखीची वाटली नसती, तर चित्रपटातला सल्लाही परकाच राहिला असता.

चेहऱ्याचा हाच प्रश्न बाहेरच्या जगात पडद्यावरच्या यंत्रमानवांच्या बाबतीतही उभा राहिला. जपानमध्ये 1 जानेवारी 1963 पासून ओसामू तेझुकांचा ‘तेत्सुवान अॅटम’ दूरचित्रवाणीवर दिसू लागला. शास्त्रज्ञाने मेलेल्या मुलाच्या जागी घडवलेला, मग सर्कशीत विकलेला हा यंत्रबालक. त्याच्या निमित्ताने तेझुकांनी माणसांच्या जगात दुय्यम ठरवलेल्यांची व्यथा मांडली. सगळ्यांनी एवढा विचार केला नाही. 1984 मध्ये सुरू झालेल्या अमेरिकी ‘ट्रान्सफॉर्मर्स’च्या पहिल्या पर्वात लढणाऱ्या यंत्रमानवांत एकही स्त्री नव्हती. पुढे त्याच मालिकेतल्या अरबांच्या अवमानकारक चित्रणामुळे लेबनानी वंशाचे आवाज-कलाकार केसी केसम यांनी काम सोडले. यंत्राला लिंग नसते, वंश नसतो, तरी काढणाऱ्याच्या मनातली उतरंड त्याच्या अंगावर उमटतेच.

‘ट्रान्सफॉर्मर्स’च्या दहा वर्षे आधी, 1974 मध्ये, फिल्म्स डिव्हिजनने ‘एक अनेक और एकता’ काढला होता. दिग्दर्शन विजया मुळे यांचे, चित्ररचना आणि अॅनिमेशन भीमसेन यांचे, आणि गाण्यातला कोवळा आवाज दाभोळच्या साधना सरगम यांचा. एक आणि अनेक यांतला फरक इथे थोरली बहीण धाकट्या भावाला समजावून सांगते. शहाणपण मुलीच्या तोंडी दिले आहे आणि त्याचा कुठेही गाजावाजा नाही, हे या चित्रपटाचे खरे मोठेपण. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि दूरदर्शनने तो घरोघरी नेला.

अडचणीही आल्या. तयार झालेले कलावंत बाहेर पडू लागले. राम मोहन साठच्या दशकाच्या अखेरीस गेले, 1972 मध्ये त्यांनी स्वतःचा स्टुडिओ काढला. युनिटचे ते नुकसानच होते, पण तिथले शिक्षण त्यांच्यासोबत दूरवर गेले. नव्वदच्या दशकात युनिसेफसाठी त्यांनी ‘मीना’ घडवली. तिचा पोशाख त्यांनी असा बेतला की दक्षिण आशियातल्या कोणत्याही एका देशाचा वा धर्माचा शिक्का तिच्यावर बसू नये. भारत, पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळ इथल्या मुलींना ती आपली वाटली. शाळेत जायला न मिळालेली ही मुलगी मिठू पोपटाकरवी वर्गातला धडा मिळवते आणि त्याच हिशेबाच्या बळावर घरची कोंबडी चोरीला गेल्याचे ओळखते. 2014 मध्ये राम मोहन यांना पद्मश्री मिळाली.

फिल्म्स डिव्हिजनने 1990 पासून मुंबईत माहितीपट, लघुपट आणि अॅनिमेशनपटांचा आंतरराष्ट्रीय महोत्सव भरवला. 2019 मध्ये तिच्याच आवारात भारतीय चित्रपटाचे राष्ट्रीय संग्रहालय खुले झाले. 2022 मध्ये तिचे काम राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाकडे सोपवण्यात आले.