ढिगारा उपसणाऱ्यांच्या मनाचं काय? महाड-पोलादपूरच्या बचावकर्त्यांवरचा न दिसणारा आघात

दुर्घटनेनंतर मृत आणि जखमींची मोजदाद होते. मृतदेह बाहेर काढणाऱ्यांना काय झालं, हे मात्र कुणी मोजत नाही. अंगावर ओरखडाही नसताना माणसाला मानसिक आघात होऊ शकतो, हे मानसोपचारशास्त्राने मान्य केलं आहे.

महाड आणि पोलादपूर तालुक्यांनी पाच वर्षांत चार मोठ्या दुर्घटना पाहिल्या.

• २ ऑगस्ट २०१६ : सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल कोसळला, दोन एसटी बस वाहून गेल्या. शोधकार्य कित्येक दिवस चाललं.
• २८ जुलै २०१८ : आंबेनळी घाटात दापोली कृषी विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यांची बस दरीत कोसळली. ३० जणांचा मृत्यू झाला. मृतदेह वर आणायला स्थानिक ट्रेकर्स दरीत उतरले.
• २४ ऑगस्ट २०२० : महाडमध्ये तारिक गार्डन ही पाच मजली इमारत कोसळून १६ जण दगावले.
• २२ जुलै २०२१ : तळिये गावावर दरड कोसळली. ८० हून अधिक जणांचा बळी गेला.

नेमकं काय होतं?

झोप उडते. तेच दृश्य, तोच वास पुन्हा पुन्हा आठवतो. चिडचिड वाढते, त्या जागेकडे पाय वळत नाही. सगळ्यात जास्त छळते ती ‘थोडं आधी पोहोचलो असतो तर?’ ही टोचणी. मुंबई लोकलच्या मोटरमनचंही असंच होतं. रुळावर माणूस दिसला तरी धावती गाडी जागच्या जागी थांबत नाही. चूक नसते, तरी अपराधीपणा राहतो.

स्थानिकांना जास्त त्रास का?

बाहेरून आलेलं पथक काम संपलं की परत जातं. गावातल्या तरुणाला दुसऱ्या दिवशी त्याच रस्त्याने कामावर जायचं असतं. अनेकदा ढिगाऱ्याखालचा माणूस त्याच्या ओळखीचा असतो.

काय करावं?

पहिल्या काही दिवसांत असा त्रास होणं स्वाभाविक आहे, तो दुबळेपणा नव्हे. घडलेलं सांगायची बळजबरी करू नये, पण बोलावंसं वाटलं तर ऐकणारं कुणीतरी जवळ असावं. त्रास महिन्याहून जास्त टिकला किंवा कामधंद्यात अडथळा येऊ लागला, तर डॉक्टरांना भेटावं. सरकारची ‘टेली मानस’ हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे, तिथे मराठीतही बोलता येतं.

पुढच्या पावसाळ्यात दरड कोसळली, तर सर्वांत आधी धावून जाणार ती हीच माणसं. त्यांचा सत्कार जरूर व्हावा, पण त्याआधी ‘झोप लागते का?’ एवढं तरी त्यांना विचारलं जावं.