तेरेखोल

तेरेखोल : गोव्याच्या पेडणे तालुक्यातील एक लहान किनारी गाव व त्याच नावाचा किल्ला. तेरेखोल नदी अरबी समुद्राला जेथे मिळते, तेथे तिच्या उत्तर तीरावर हे गाव वसलेले असून ते गोव्याच्या उत्तर टोकाला आहे. नदीचा खालचा प्रवाह ही महाराष्ट्र व गोवा यांची सीमा मानली जाते. तेरेखोल मात्र या सीमेला अपवाद आहे, कारण गावाच्या दक्षिणेस नदी, पश्चिमेस समुद्र आणि उरलेल्या बाजूंस सिंधुदुर्ग जिल्ह्यातील रेडीचा परिसर येतो. पर्यटकांना हे गाव किल्ल्यामुळे परिचित आहे, तर गावाच्या पठारावर योजलेल्या गोल्फ मैदानामुळे आणि त्याला झालेल्या विरोधामुळे त्याचे नाव गेल्या काही वर्षांत वृत्तपत्रांत वारंवार आले.

भूरचना व जमीन : तेरेखोल नदी सह्याद्रीत मनोहरगडाच्या परिसरात उगम पावते आणि वरच्या भागात बांदा नदी या नावाने ओळखली जाते. मुखाजवळ तिचे पात्र रुंद होते. दक्षिण तीरावर केरीची लांब पुळण, म्हणजे वाळूचा किनारा, आणि उत्तर तीरावर तेरेखोलची टेकडी समोरासमोर उभी आहे. गावाचा बराचसा भाग सडा या प्रकारात मोडतो. सडा म्हणजे जांभ्या दगडाचे सपाट पठार. उष्ण हवेत व मुसळधार पावसात खडकातील विरघळणारी द्रव्ये दीर्घकाळ वाहून जातात आणि लोह व ॲल्युमिनियम यांची संयुगे मागे उरून जांभा तयार होतो. सड्यावर मातीचा थर पातळ असल्याने ओल टिकत नाही. पावसाळ्यात हिरवागार दिसणारा सडा डिसेंबर-जानेवारीपर्यंत पिवळा पडतो. त्यावर पडलेले पाणी भेगांतून झिरपून उतारावरील झऱ्यांना व खालच्या विहिरींना मिळते, म्हणून वरून ओसाड भासणारा सडा पायथ्याच्या वस्तीचा पाणीसाठा ठरतो.

इतिहास : किल्ल्याची उभारणी सावंतवाडीच्या खेम सावंत भोसले यांनी सतराव्या शतकात केली, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. नदीच्या मुखावर नजर ठेवणे आणि आत नांगरलेल्या आरमाराला आडोसा देणे, हा त्याचा उद्देश होता. १७४६ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉय पेद्रू मिगेल द आल्मेदा याने सावंतवाडीविरुद्धच्या मोहिमेत किल्ला जिंकला व १७६४ मध्ये त्याची पुनर्बांधणी झाली. पेडणे महाल पोर्तुगीजांकडे आला तो १७८८ मध्ये. म्हणजे तालुक्याच्या आधी सुमारे चार दशके तेरेखोल त्यांच्या ताब्यात गेले होते. नदीपलीकडचे हे ठाणे गोव्याला जोडलेले राहिले, त्याचे मूळ या घटनाक्रमात आहे.

गोवा मुक्तिलढ्यात तेरेखोलला मानाचे स्थान आहे. १५ ऑगस्ट १९५४ रोजी आल्फ्रेड आफोन्सो यांच्या नेतृत्वाखालील सत्याग्रहींच्या तुकडीने किल्ल्यात शिरून तिरंगा फडकावला. किल्ला दिवसभर त्यांच्या हाती राहिला. त्यानंतर त्यांना पकडून तुरुंगात टाकण्यात आले. पुढील वर्षी याच दिवशी पेडणे तालुक्यातील पत्रादेवी येथे सत्याग्रहींवर गोळीबार झाला, आणि १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. तेरेखोल भारतीय हद्दीला लागून असल्यामुळे सत्याग्रहींना तेथे पायी पोहोचता येत होते.

किल्ला : जांभ्या दगडाचा हा किल्ला आकाराने लहान असून टेकडीच्या कड्यावर उभा आहे. तटाच्या आतील बहुतेक जागा सेंट अँथनीच्या चर्चने व त्यापुढील अंगणाने व्यापलेली आहे. चर्चचे फेस्त, म्हणजे वार्षिक उत्सव, साधारणतः मे महिन्यात भरते. मुक्तीनंतरच्या काळात किल्ल्याच्या काही भागाचे हॉटेलात रूपांतर झाले आणि त्यातील खोल्यांना आठवड्याच्या वारांची नावे देण्यात आली. तटावरून दक्षिणेकडे केरी व हरमलचा किनारा दिसतो.

शेती व उपजीविका : सड्यावरील व उतारावरील मुख्य पीक काजू आहे. हे झाड पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणले आणि जांभ्या जमिनीत ते कोकणभर रुजले. फेब्रुवारी ते मे हा त्याचा हंगाम होय. झाडाखाली गळून पडलेली बोंडे सकाळी वेचून त्यांची बी वेगळी केली जाते व बोंडे तुडवून किंवा दाबून त्यांचा रस काढला जातो. आपोआप ओघळणाऱ्या शेवटच्या गोड, निर्मळ रसाला नीरो म्हणतात व तो ताजाच पितात. उरलेला रस आंबवून भाटीवर चढवितात. पहिल्या ऊर्ध्वपातनातून हुर्राक आणि पुढच्यातून फेणी मिळते. गोव्याच्या काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला. तीन-चार महिन्यांच्या या कामावर अनेक कुटुंबांचा वर्षाचा खर्च चालतो.

गोल्फचा प्रश्न : २०१० नंतरच्या दशकात तेरेखोलच्या पठारावर गोल्फ मैदानासह मोठे पर्यटन संकुल उभारण्याची योजना पुढे आली. तिचे मर्म समजण्यासाठी या खेळाचे जन्मस्थान ध्यानात घ्यावे लागते. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर समुद्र आणि शेतजमीन यांच्यामध्ये वाळूच्या टेकाडांचा एक पट्टा असतो. त्याला लिंक्स म्हणतात. ही वाळू नांगरटीला निरुपयोगी असते, पण पाण्याचा चटकन निचरा करते. पूर्व किनाऱ्यावर वर्षाला सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो व तो बाराही महिने विभागलेला असल्याने तेथे बारीक, चिवट गवत आपोआप वाढते आणि मेंढ्या व ससे ते चरून आखूड ठेवतात. गोल्फचे मैदान तेथे मुळात आखले गेले नाही. निसर्गाने व चराईने ते आधीच तयार केले होते. १४५७ मध्ये स्कॉटिश संसदेने धनुर्विद्येच्या सरावात अडथळा येतो म्हणून या खेळावर बंदी घातली, यावरून त्याचा लोकांतील प्रसार कळतो. सदरलंडमधील डॉर्नॉक या छोट्या किनारी गावात गोल्फचा उल्लेख १६१६ पासून सापडतो. सेंट अँड्र्यूज येथे १५५२ च्या सनदेने नगरवासीयांचा लिंक्सवर खेळण्याचा हक्क मान्य केला. तेथील जुने मैदान आजही सार्वजनिक असून रविवारी सामान्यतः खेळ बंद ठेवून ते फिरणाऱ्यांसाठी मोकळे असते.

ब्रिटिशांबरोबर हा खेळ भारतात आला. कलकत्त्यात १८२९ मध्ये आणि मुंबईत १८४२ मध्ये गोल्फ क्लब स्थापन झाले. गोव्यात काणकोण तालुक्यातील राजबाग येथे समुद्राकाठी गोल्फचे मैदान आहे. तथापि कोकणपट्टीत वर्षाचा सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस बहुतांशी जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच कोसळतो, त्यामुळे सड्यावर बारमाही हिरवळ राखायची झाल्यास बाहेरून माती आणून पसरावी लागते आणि उरलेले आठ महिने भरपूर पाणी, खते व कीटकनाशके द्यावी लागतात. खालच्या विहिरींना पाणी पुरवणारे पठार अशा वेळी स्वतःच पाण्याचे मोठे गिऱ्हाईक बनते.

तेरेखोलच्या ग्रामस्थांनी विरोध केला तो पाण्याइतकाच जमिनीच्या हक्कासाठी. योजनेखालील जमिनीवर आपण पिढ्यान्‌पिढ्या कूळ म्हणून काजू व इतर पिके घेत आलो, असे त्यांतील अनेकांचे म्हणणे होते. कूळ म्हणजे दुसऱ्याच्या मालकीची जमीन खंडाने कसणारा शेतकरी. गोव्यात १९६४ च्या कूळ कायद्याने अशा शेतकऱ्यांना संरक्षण मिळाले आणि १९९१ च्या जमीन-वापर नियमन कायद्याने कुळांकडे आलेली जमीन शेतीखेरीज अन्य कामासाठी वापरण्यास मनाई केली. त्यामुळे जमीन कुळाची होती की नव्हती, हा प्रश्न निर्णायक ठरला आणि वाद न्यायालयांपर्यंत व हरित लवादापर्यंत गेला. स्कॉटलंडमधील लिंक्स शेतीस निरुपयोगी व गावकऱ्यांच्या वहिवाटीत होते. तेरेखोलचा सडा मात्र कसला जाणारा, उत्पन्न देणारा व पाणी साठविणारा आहे. खेळ तोच असला, तरी एका ठिकाणी तो गावाच्या सामाईक जमिनीवर वाढला आणि दुसऱ्या ठिकाणी त्यासाठी गावाला जमिनीवरील हक्क सोडावा लागणार होता. हा फरक विकासाच्या कोणत्याही हिशेबात सर्वांत आधी मांडला गेला पाहिजे.

प्रवास व भेट : गोव्याच्या बाजूने केरीच्या धक्क्यावरून नदी परिवहन खात्याच्या फेरीबोटीने तेरेखोलला जाता येते. बोटीचा पुढचा सपाट लोखंडी भाग धक्क्यावर टेकवून वाहने व माणसे तिच्यात चढतात आणि पलीकडे त्याच रीतीने उतरतात. खुश्कीच्या मार्गाने जायचे झाल्यास किरणपाणी येथील पूल ओलांडून आरोंदा व रेडीवरून, म्हणजे महाराष्ट्रातून, गावात शिरावे लागते. कोकण रेल्वेवरील पेडणे व सावंतवाडी रोड ही सोयीची स्थानके असून मोपा येथील विमानतळ २०२३ च्या जानेवारीपासून वाहतुकीस खुला आहे. रेडीतील यशवंतगड व गणपती मंदिर ही स्थळे याच भेटीत पाहता येतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ हवेच्या दृष्टीने सुखद असतो. ज्यांना काजूचा हंगाम पाहावयाचा असेल त्यांनी मार्च-एप्रिलमध्ये जावे आणि सड्यावरील बागा ही लोकांची कसती जमीन असल्याने तेथे कसणाऱ्यांच्या परवानगीनेच पाऊल ठेवावे.